ब्रुसेल्सचा बाजारचौक आणि आपले मंडळ



गतवर्षी चिरंजीवांकडे युरोपात जाण्याचा योग आला, तेव्हा बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स येथील मुख्य बाजारचौक आम्ही पाहिला. त्यास फ्रेंच भाषेत ‘ग्रां प्लास’ म्हणतात. चौक फार विस्तीर्ण नाही. लांबी सुमारे ११० मीटर व रुंदी ६८ मीटर. एका बाजूस ९६ मीटर उंच मनोऱ्याचे नगरभवन आणि सभोवती सोनेरी नक्षीची उंच, चिंचोळी घरे. त्यांतील अनेक घरे राजाने वा सरदाराने नव्हे, तर पाववाले, शिंपी, नावाडी अशा व्यावसायिकांच्या संघांनी बांधली. नावाड्यांच्या घराचा माथा जहाजाच्या पिछाडीच्या आकाराचा आहे. आपल्या धंद्याची त्यांस लाज नव्हती. तो त्यांनी माथ्यावर मिरविला!

१६९५ च्या ऑगस्टमध्ये चौदाव्या लुईच्या फौजेने या नगरावर तोफा डागल्या. सुमारे चार हजार घरे नष्ट झाली. नगरभवनाच्या भिंती व मनोरा मात्र बचावला. तथापि संघांनी कंबर कसली आणि पाचएक वर्षांत चौक पुन्हा उभा केला. घराच्या दर्शनी भागाचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा, असा नियम १६९७ साली झाला. त्यामुळे प्रत्येक घर निराळे असूनही चौक एकजीव दिसतो.

ऐक्याचे हे फळ पाहून आम्हांस आनंद झाला. परंतु कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. या संघांची दारे बाहेरच्यास सहजी उघडत नसत आणि संघाबाहेरच्यास तो धंदा करण्यास मज्जाव असे. पुढे फ्रेंच राजवटीत, १७९५ च्या सुमारास, हे संघ बरखास्त झाले. विशेषाधिकार लयास गेले. घरे मात्र राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नगराध्यक्ष शार्ल ब्युल्स यांनी त्यांच्या जीर्णोद्धाराचे कार्य नेटाने चालविले. १९९८ साली युनेस्कोने हा चौक जागतिक वारसा म्हणून मान्य केला.

बंधुभगिनींनो, संघांनी स्वतःपुरते राखले ते त्यांच्याबरोबर गेले. सर्वांच्या डोळ्यांसमोर उभारले ते नगराने सांभाळले. आपल्या पूर्वजांनीही पै-पै जमवून वसतिगृह व शिष्यवृत्ती निधी उभा केला. त्यांतील काही जागा व काही शिष्यवृत्त्या अन्य ज्ञातींच्या गरजू मुलामुलींस द्याव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. काही वडीलधाऱ्यांस ती रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. तरीही येत्या सर्वसाधारण सभेत तिचा विचार व्हावा, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.