कच्चं मडकं



बक्षिसं मिळालेल्या विद्यार्थ्यांचं मनापासून अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत, त्यांच्याशी आज मला थोडं जास्त बोलायचं आहे. मी मातीची भांडी घडवते, त्यामुळे बोलणार मातीबद्दलच.

घरी मातीकाम करायला चाक लागत नाही, भट्टी लागत नाही. गणपतीसाठी आणतो ती शाडू पुरते. माती नीट मळून पेरूएवढा गोळा घ्या. मधोमध अंगठा रोवा, पण तळ फुटू देऊ नका. मग गोळा हातात फिरवत अंगठा आणि बोटांच्या चिमटीत दाबत कड वर न्या. घाई केली की कड पातळ होऊन चिरते. पाणी जास्त लावलं की वाटी फतकल मारते. किती दाबायचं, कुठे थांबायचं, हे बोटांनाच कळावं लागतं. एवढं लक्ष तिथे गुंतलं की उद्याच्या पेपरची काळजी, मैत्रिणीचं लागलेलं बोलणं, सगळं जरा मागे सरतं. मोबाइल वाजला तरी बरबटलेल्या हातांनी उचलता येत नाही, हा वरचा फायदा.

२०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी ३९ प्रौढांना माती, रंगीत पेनं आणि कोलाजचं सामान दिलं आणि ४५ मिनिटं हवं ते करू दिलं. आधी आणि नंतर लाळ तपासली. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालेलं दिसलं. आधी कलेचा सराव असण्या-नसण्यानं त्यात फरक पडला नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हात बसलेला नसला तरी चालतं!

तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्यांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. नामदेव रागावले, आणि मग विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. आपण ही गोष्ट कमीपणाची म्हणून सांगतो. पण आमच्या कामात कच्च्या मडक्याला एक सवलत असते. वाळलेलं कच्चं भांडं बिघडलं तर पाण्यात टाकायचं. ते विरघळतं आणि त्याच मातीचं दुसरं घडवता येतं. भाजलेलं फुटलं की उरते ती खापरी. तुम्ही सगळे अजून कच्चे आहात, आणि ही सवलत तुमच्याकडे आहे.

पालकांना एक विनंती. मूल मातीत रमलं म्हणून लगेच स्पर्धेत नाव घालू नका. ‘हे काय केलंस?’ असंही विचारू नका. नंतरचा पसारा आवरायला मात्र जरूर शिकवा. वाळलेली माती झाडूनं उडवायची नाही, ती धूळ छातीला वाईट. ओल्या फडक्यानं पुसायची. हात बादलीत धुवायचे, गाळ बसू द्यायचा आणि पुन्हा वापरायचा. बेसिनमध्ये ओतलात तर प्लंबर बोलवावा लागेल!

आणि एक गंभीर गोष्ट. माती विरंगुळा देते, औषधाची जागा घेत नाही. मन खूप दिवस उदास असेल, झोप उडाली असेल, तर घरी सांगा, बाईंना सांगा. ‘टेली मानस’चा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी मदत क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे. तो वहीच्या मागच्या पानावर आजच लिहून ठेवा.

दहावीच्या मुलांनो, परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी थोडा वेळ काढून एक वाटी करा. जमली नाही तर मोडा आणि अभ्यासाला बसा. तिचे मार्क कुणी देणार नाही.