विज्ञानाची पदवी आणि भांडवलाची पेढी

रत्नागिरीस १९४५ सालीं महाविद्यालय निघालें. तेंच आजचें गोगटे-जोगळेकर महाविद्यालय. कोंकणांतल्या मुलाला घर न सोडतां पदवी मिळण्याची सोय झाली. पण पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झालेल्या मुलानें मुंबईच्या एखाद्या इन्व्हेस्टमेंट बँकेचें नांव काढलें, कीं वडील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. तीन वर्षांचें शिक्षण फुकट गेलें काय, ही त्यांची शंका असते. ती गैर नाहीं. मात्र त्या पेढीचें काम काय, हें समजल्यावांचून तिचें उत्तर देतां येत नाहीं.

साधी बँक ठेवी घेते आणि कर्जें देते. इन्व्हेस्टमेंट बँक, जिला आपल्याकडील नियमांत मर्चंट बँकर म्हटलें आहे, ती कंपनीसाठीं भांडवल उभें करते. भाग किंवा रोखे कोणत्या भावानें विकावे हें ती ठरविते, ते लोकांपुढें मांडते, आणि प्रसंगीं न खपलेले भाग स्वतः घेण्याची हमी देते. कंपन्यांच्या खरेदीविक्रींतही तिचा सल्ला चालतो. रत्नागिरीकरांना हें अगदींच नवखें वाटूं नये. मोहोर पाहून हापुसाची बाग खंडानें घेणारा व्यापारी याहून फारसें निराळें काय करतो? फळ हातीं येण्यापूर्वींच बागाइतदारास पैसा मिळतो. पुढें तुडतुडा पडला किंवा अवकाळी पाऊस झाला, तर ठोकर व्यापाऱ्यास बसते.

मोहोरावरून फळाची किंमत बांधणें हेंच या धंद्याचें मर्म होय, आणि येथेंच विज्ञानाचा विद्यार्थी कामास येतो. दरसाल दहा टक्के दरानें वाढणारी रक्कम सुमारें सात वर्षांत दुप्पट होते. उलट बाजूनें पाहतां, सात वर्षांनीं मिळावयाच्या १०० रुपयांची आजची किंमत सुमारें ५१ रुपये ठरते. किरणोत्सर्गी द्रव्य ठराविक काळानें निम्में उरतें, हें ज्यानें एकदां वहींत मांडून पाहिलें आहे, त्यास हें गणित ओळखीचें वाटेल. वक्र तोच; फक्त द्रव्याच्या जागीं रुपये आले.

पण गणित जुळलें म्हणजे धंदा साधला, असें नव्हे. महाडजवळच्या नाते गांवीं १८९६ सालीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख यांनीं केंब्रिजला निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. वनस्पतिशास्त्राचें पारितोषिकही त्यांस मिळालें. १९१८ सालीं ते आय. सी. एस. परीक्षेंत पहिले आले, १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि ते अर्थमंत्री असतांना, १९५५ सालीं, खाजगी उद्योगांस दीर्घ मुदतीचें भांडवल पुरविणारी आय. सी. आय. सी. आय. ही संस्था निघाली. मात्र वनस्पतिशास्त्र आणि रिझर्व्ह बँक यांच्यामध्यें वीसएक वर्षांची सरकारी चाकरी आहे. मध्यप्रांताच्या अर्थखात्याचें सचिवपदही तींत आलें. हा मधला भाग चरित्रें सांगतांना बहुधा भराभर उरकला जातो, आणि नवशिक्यास नेमका तोच उपयोगाचा आहे.

नागपुरास जन्मलेले विक्रम पंडित यांनीं कोलंबिया विद्यापीठांत विद्युत अभियांत्रिकीच्या दोन पदव्या घेतल्या. पण तेवढ्यावर न थांबतां अर्थशाखेकडे वळून तेथेंच डॉक्टरेट मिळविली. १९८३ सालीं ते मॉर्गन स्टॅन्ले या पेढींत शिरले आणि २००७ च्या अखेरीस सिटीग्रुपचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील घरांचे भाव घसरले, लेहमन ही जुनी पेढी बुडाली, आणि सिटीग्रुपला सरकारी मदतीवर तगावें लागलें. मोठमोठ्या गणित्यांचीं समीकरणें त्या वेळीं तोंडघशीं पडलीं. समीकरणांत चूक नव्हती; घरांचे भाव देशभर एकदम पडणार नाहींत, हें गृहीत धरण्यांत होती. प्रयोगशाळेंत गृहीतक तपासावयास शिकलेल्या तरुणास पेढींत ती संवय सोडण्याचा मोह फार होतो, कारण तेथें घाई असते आणि गिऱ्हाईक समोर बसलेलें असतें.

तेव्हां रत्नागिरीच्या पदवीधरानें काय करावें? ताळेबंद वाचावयास शिकणें, कंपनी कायद्याची तोंडओळख करून घेणें आणि इंग्रजींत नीट लिहितां-बोलतां येणें, या तीन उणिवा त्यानें प्रथम भरून काढाव्या. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा दरवाजा कोणत्याही शाखेच्या पदवीधरास उघडा आहे. अहमदाबादेची संस्था १९६१ सालची, मुंबईची जमनालाल बजाज १९६५ ची. दोन्हीकडे प्रवेशपरीक्षा कठीण, आणि खर्चही थोडा नव्हे. तो ज्या घरास झेपत नाहीं, तेथील मुलानें आधीं एखाद्या बँकेंत किंवा हिशेबतपासनिसाच्या कचेरींत नोकरी धरून सी. एफ. ए. ची तीन टप्प्यांची परीक्षा द्यावी. हा मार्ग लांबचा. पण त्यांत कर्जाचा बोजा नाहीं. पगाराच्या ऐकीव आंकड्यांवर भुलून मुंबईची गाडी धरणाऱ्यास हेंही ठाऊक असावें, कीं पहिलीं दोन-तीन वर्षें मध्यरात्रीपर्यंत कोष्टकें भरण्यांत जातात.

आणि मुंबईस जाण्यापूर्वीं घरीं बसून करण्याजोगें एक काम आहे. नवे भाग विकणाऱ्या कंपन्यांचीं माहितीपत्रकें सेबीकडे दाखल होतात व तीं कोणासही फुकट वाचावयास मिळतात. त्यांतील एक घेऊन जोखमीचें प्रकरण आधीं वाचावें, मग शेवटचीं हिशेबाचीं पानें, आणि नंतर मधली सारी स्तुति. भाव कां ठरला असावा, हें स्वतःच्या वहींत मांडून पाहावें आणि पेढीच्या आंकड्याशीं ताडून घ्यावें. एवढें करतांना रात्र कशी सरली हें ज्यास कळलें नाहीं, त्याच्या शिक्षणाचें काय झालें, ही चौकशी घरच्यांनीं निदान एक वर्षभर तहकूब ठेवावी.