रुग्णालय पाहून महाविद्यालय निवडावे

पालकहो, परळचे टाटा रुग्णालय मराठी घरांना परके नाही. त्याच संस्थेच्या, चंदीगडलगत मुल्लानपूर येथील ३०० खाटांच्या होमी भाभा कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन २४ ऑगस्ट २०२२ रोजी झाले. अशा ठिकाणी परिचारिकेला केमोथेरपीची मात्रा पुन्हा ताडून पाहावी लागते. शिरेतून दिले जाणारे औषध भोवतालच्या मांसात उतरू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. हे कसब फळ्यावर शिकता येत नाही.

म्हणून प्रवेश घेताना महाविद्यालयाच्या इमारतीआधी त्याला जोडलेले रुग्णालय पाहावे. खाटा किती, आणि त्यांवर खरोखर रुग्ण किती? घराजवळच्या ओस रुग्णालयापेक्षा दूरचे गजबजलेले बरे, मग आईचा जीव कितीही तुटो. परिचर्या परिषदेची मान्यता तर अर्ज भरण्यापूर्वीच तपासावी.

परीक्षा निरनिराळ्या आहेत. महाराष्ट्रात सीईटी, चंदीगडच्या पीजीआयची आणि एम्सची स्वतंत्र. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात ‘नीट’चे गुण लागतात, शिवाय लष्करी सेवेचे बंधपत्र द्यावे लागते. सही करण्यापूर्वी ते मुलीने स्वतः वाचावे.

चार वर्षांची पदवी परवडत नसेल, तर तीन वर्षांच्या जीएनएम पदविकेला कमी लेखण्याचे कारण नाही. पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक पदवी घेता येते, नोकरीचा अनुभव गाठीशी बांधूनही.