वारीनंतरची वाट

आषाढी एकादशी होते, पौर्णिमेला गोपाळपुरास काला होतो आणि वारी पुरी होते. आळंदीहून निघालेला वारकरी तोवर सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आलेला असतो. पालख्या परतीलाही पायीच निघतात. परंतु बहुतेकांना पेरणीची वा नोकरीची ओढ लागलेली असते आणि ते पंढरपूरचे स्टेशन गाठतात. ज्याच्या हाताशी आणखी आठ-दहा दिवस आहेत, त्याने मात्र आगगाडीने कोठे जावे? माझे सांगणे असे की, त्याने नामदेवांच्या मागोमाग जावे.

विठ्ठलमंदिराच्या महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. तिच्यापुढे माथा टेकताना आपली वाट येथे संपली असे आपल्याला वाटते. परंतु ज्यांची ती पायरी, त्यांची वाट येथे संपली नव्हती.

पंढरपुराहून गाडी प्रथम कुर्डुवाडीस जाते. येथली जुनी बार्शी लाइट रेल्वे अवघी अडीच फूट रुंदीची होती. 1897 साली ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि पुढे एकीकडे पंढरपूर, तर दुसरीकडे लातूरपर्यंत पोहोचली. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या या छोट्या गाडीने आल्या-गेल्या. 1954 साली ती सरकारी झाली आणि आता तेथे रुंद रूळ आहेत. याच लातूरच्या रुळांवर, बार्शीच्या पुढे, तेर लागते.

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात या बाजारपेठेचे नाव आढळते. आपल्याला मात्र ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून जवळचे आहे. संतांच्या मेळ्यात गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकाची परीक्षा केली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. देव ज्याच्याशी बोलतो, त्याचेच मडके कच्चे! वारी करून आलेल्या माणसाने ही कथा तेरला बसून पुन्हा आठवावी. अडीचशे किलोमीटर चाललो खरे. पण भाजून निघालो का?

खरे तर ही परीक्षा गाडीच्या डब्यातच सुरू झालेली असते. दिंडीत आपण अनोळखी माणसाला माउली म्हणून त्याच्या पाया पडलो, आपल्या ताटातली भाकरी त्याला दिली. तोच माणूस डब्याच्या दारात उभा राहिला की आपले गाठोडे बाकावर जरा ऐसपैस पसरते. थापटणे येथेच वाजते, आणि मडके कच्चे की पक्के हे ज्याचे त्याला ऐकू येते.

कथेतले नामदेव रुसले. पण नंतर गुरूच्या शोधात निघाले आणि औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांना भेटले, असे परंपरा सांगते. आपणही लातूर, परळी, परभणी असे टप्पे घेत पूर्णेला यावे व तेथून हिंगोलीकडे वळावे. औंढा आणि नामदेवांचे जन्मगाव म्हणून प्रसिद्ध असलेले नरसी ही दोन्ही त्याच जिल्ह्यात आहेत. शेवटचा पल्ला तेवढा सडकेचा.

तेथून नांदेड गाठावे. नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्स्प्रेस जाते. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचे गाव आहे. नामदेवांनी आयुष्याचा मोठा काळ तेथे घालवला, असे तेथील लोक श्रद्धेने मानतात. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत. ज्यांना मराठीचा एक शब्दही येत नाही, त्यांच्या मुखी ती आहेत. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच घुमानला भरले, ते या जुन्या नात्याच्या आधारावरच.

आपल्यापैकी कित्येकजण दिल्ली, इंदूर, हैदराबाद अशा दूरच्या शहरांतून हे ऐकत असाल. परमुलखात आपली भाषा कोणाला कळणार, ही खंत तुम्हाला परिचित असेल. नामदेवांनी आपली मराठी सोडली नाही आणि परभाषा परकी मानली नाही. शेजाऱ्याची बोली शिकून त्याच बोलीत ते गायले. पंढरीची वाट पायांना ठाऊक असते. तिथून पुढे दुसऱ्याच्या अंगणापर्यंत जाणारी ही वाट आहे, आणि तिच्यासाठी डब्यात थोडे सरकून बसण्याची तयारी तेवढी हवी.