कडुनिंबाचा काढा आणि जस्ताची भुकटी

श्रोतेहो, घामोळ्यांवर लावायचे फिकट गुलाबी कॅलामाइन लोशन तुमच्या पाहण्यातले असेल. त्यातले मुख्य द्रव्य झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्त आणि ऑक्सिजन यांचे संयुग. हीच पांढरी भुकटी अतिसूक्ष्म केली, की जंतूंवर तिचा मारा वाढतो. सूक्ष्म म्हणजे किती? मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. 100 नॅनोमीटरांहून लहान कणांना नॅनोकण म्हणतात.

असे कण करायला पुष्कळदा तीव्र रसायने लागतात. ती टाळावीत म्हणून संशोधक झाडपाल्याकडे वळले. कडुनिंबाची पाने शुद्ध पाण्यात उकळून काढा गाळायचा, त्यात जस्ताच्या क्षाराचे द्रावण घालून तापवीत ढवळायचे. काढ्यातील फ्लेव्होनॉइडांसारखी द्रव्ये जस्ताला धरून ठेवतात आणि कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. खाली बसलेला साका धुवून, वाळवून, बहुधा 400 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला की भुकटी तयार!

आता तिची परीक्षा. काचेच्या थाळीत अगरच्या थरावर जंतू वाढवतात आणि एका जागी भुकटी ठेवतात. तिच्यातून सुटणारे जस्ताचे आयन आणि ऑक्सिजनची तिखट रूपे जंतूंचे कवच फोडतात. भोवती स्वच्छ कडे उमटते. ते मिलिमीटरमध्ये मोजतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: हे कडे उमटवले कोणी? नुसता काढाही काही जंतूंना रोखतो, नुसता जस्ताचा क्षारही रोखतो. म्हणून शेजारी त्या दोन्हींच्या थाळ्या मांडल्याशिवाय नॅनोकणांना श्रेय देता येत नाही. शिवाय भट्टीत पानांतली बहुतेक द्रव्ये जळूनच जातात. मग भुकटीत कडुनिंब उरला कितीसा?

आणि थाळीतले कडे म्हणजे औषध नव्हे. जंतूला मारणारा कण आपल्या पेशींनाही इजा करू शकतो. ओढ्यात गेला तर मासे आणि शेवाळ यांनाही बाधतो. तेव्हा ‘झाडपाल्याची आहे, अपाय नाही’ म्हणून कोणी अशी भुकटी पोटात घ्यायला किंवा जखमेत भरायला देऊ लागला, तर आधी विचारा: माणसांवर तपासली आहे का? किती मात्रेत? उत्तर मिळाले नाही तर पुडी परत करा, जखम स्वच्छ पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.