रंगकाम काढताना आधी मासे हलवा

आम्ही बेंबळीच्या बचत गटातल्या महिला बोलतोय. नवरात्र जवळ आलं की आपल्या तुळजापूर-धाराशिव भागात घरोघरी धुणं-झाडणं निघतं, रंगकाम निघतं. घट बसायच्या आत घर लख्ख व्हावं, अशी आपली घाई असते.

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंनी पुढच्या खोलीला ऑइलपेंट दिला. कोपऱ्यात लेकराचा फिशटँक होता. त्यावर चादर टाकली, पंप चालूच ठेवला. सकाळी बघतात तर चारही मासे मेलेले. पाण्यात रंगाचा थेंबही पडला नव्हता. पण तो पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. रात्रभर थिनरचा वास पाण्यात जात राहिला.

म्हणून रंगारी यायच्या आधीच मासे हलवा. साबण किंवा रंग न लागलेली बादली घ्या. टँकमधलंच पाणी तिच्यात भरा, मासे सोडा, वर जाळीचं कापड बांधा. बादली आणि पंप दोन्ही लांबच्या, मोकळ्या हवेच्या खोलीत सावलीला ठेवा. भरलेला टँक उचलू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, काच तडकते. टँक मोठा असेल तर वरून प्लॅस्टिक लावा, पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळीनं चांगली हवा द्या. वास पूर्ण गेल्यावरच मासे परत आणा.

मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर लगेच खोली बदला, एक चतुर्थांश पाणी बदला. नळाचं पाणी आदल्या दिवशीच भरून उघडं ठेवलेलं असावं.

हौदात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे असतील, तर चुना लावताना हौद झाका. चुन्याच्या पाण्यानं मासे मरतात.

आता आपलं. घरगुती रंगातल्या शिशावर २०१७ पासून कडक मर्यादा आहे. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, पाणी मारून घासा. गरोदर बाई आणि लेकरं त्या धुळीपासून लांब ठेवा.

त्या ताईंचं लेकरू त्या रात्री त्याच खोलीत झोपलं होतं. सकाळी त्याचं डोकं दुखत होतं. यंदा त्यांनी रंग आणायच्या आधी दोन गोष्टी ठरवल्यात: मासे कुठं ठेवायचे आणि लेकरू कुठं झोपवायचं. तुम्हीही ठरवा.