परकी गाडी आणि कोर्टाची पायरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाई आमंत्रण घेऊन आल्या तेव्हा त्यांनी ‘स्त्री आणि कायदा’ हा विषय सुचवला होता. मी म्हटले, हा तर समुद्र झाला; पाऊण तासात त्यातली ओंजळसुद्धा भरायची नाही. त्यापेक्षा एकच गोष्ट घेऊ, आणि तीही अशी की जी आपल्या प्रत्येकीच्या घरात रोज घडते आहे. आपल्या मुली, सुना, नाती रात्री-अपरात्री कामावरून परततात. फोनवर बोट फिरवले की गाडी दाराशी येते, आणि आपली पोर एका अगदी अनोळखी माणसाच्या गाडीत बसून निघते. अनोळखी माणसाने दिलेला खाऊ घ्यायचा नाही असे आपल्या आयांनी आपल्याला बजावले होते. आता त्या अनोळखी माणसाच्या हाती घरचा पत्ता देऊन आपण निश्चिंत झोपतो.

बहुतेक वेळा त्यात वावगे काही होत नाही, हेही सांगते. हे चालक आपल्याच घरांतल्या पुरुषांसारखे पोटासाठी रात्रीचा दिवस करणारे असतात. आणि मुलींनी दिवेलागणीच्या आत घरी यावे हे सांगायला मी आलेली नाही. तसे ऐकण्याच्या अपेक्षेने कोणी आल्या असतील तर त्यांची निराशा होईल. रुग्णालये रात्री चालतात, कचेऱ्या रात्री चालतात, आणि त्या चालवण्यात आपल्या मुलींचाही हात आहे.

पुण्याची २००७ सालची हकिकत आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. परगावाहून नोकरीसाठी आलेली बावीस वर्षांची मुलगी. रात्रपाळीसाठी कंपनीने ठरवलेली गाडी तिला न्यायला आली. चालकाशेजारी त्याचा एक मित्र बसलेला होता. ‘कंपनीची गाडी’ या दोन शब्दांवर भरवसा ठेवून ती बसली. गाडी भलत्याच रस्त्याला लागली, गहुंज्याच्या बाजूला नेऊन दोघांनी तिच्यावर अत्याचार केला आणि तिला ठार मारले.

आता या खटल्यातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ती बिचारी साक्ष द्यायला उरली नव्हती. तरी साक्ष झाली. गाडीत बसली असताना ती फोनवर बंगलोरच्या एका मित्राशी बोलत होती, आणि गाडी आडरानात का आणली, असे ती चालकाला विचारते आहे, हे त्याने ऐकले होते. त्याच गाडीने पुढे ज्या सहकाऱ्याला घ्यायचे होते, तो वाट पाहत उभा होता. गाडी उशिरा आली, आणि चाक पंक्चर झाल्याचे कारण त्याला सांगण्यात आले. एकाने ऐकलेले चार शब्द आणि दुसऱ्याने पाहिलेले घड्याळ, अशा दुव्यांनी मिळून साखळी पुरी झाली.

निकालाची कथा मात्र लांबली. पुण्याच्या न्यायालयाने २०१२ मध्ये दोघांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये. मग दयेचे अर्ज झाले. तेही फेटाळले गेले. पण कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यात चार वर्षांहून अधिक काळ गेला, आणि या विलंबापायी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीऐवजी पस्तीस वर्षांची कैद ठरवली. सरकारचे त्यावरचे अपील २०२४ च्या डिसेंबरात फेटाळले गेले. फाशी असावी की नसावी हा वाद मी आज येथे काढीत नाही. पण मुलीच्या आईवडिलांना सतरा वर्षे निकालाची वाट पाहावी लागली, आणि यात दिरंगाई सरकारी दप्तराची होती, एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही.

दिल्लीचे प्रकरण २०१४ च्या डिसेंबरातले. तेव्हा ही फोनवरून बोलवायची गाडी आपल्याकडे नवीनच होती. एका नोकरदार तरुणीने रात्री घरी जाण्यासाठी उबरची गाडी मागवली. दिवसभराच्या श्रमाने तिचा मागच्या आसनावर डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी भलत्याच निर्जन जागी उभी होती. चालकाने तिच्यावर बलात्कार केला, कोणाला सांगितलेस तर जीव घेईन अशी धमकी दिली, आणि तिला घराजवळ आणून सोडले.

हे प्रकरण वर्तमानपत्रांत आले त्या वेळी बायकांच्याच तोंडून मी ऐकले आहे, “पण ती झोपली कशी?” मैत्रिणींनो, आगगाडीत आपण झोपतो, एस.टी.त तर शेजारणीच्या खांद्यावर मान टाकून झोपतो. पैसे मोजून घेतलेल्या गाडीत दमलेल्या माणसाला झोप लागली तर त्यात तिचे चुकले काय? असा प्रश्न विचारणारी बाई नकळत आरोपीच्या वकिलाचे काम करीत असते, आणि तेही फुकट!

या मुलीने त्या स्थितीतही एक गोष्ट केली. गाडी निघून जाण्याआधी तिने फोनवर गाडीच्या नंबराचे छायाचित्र घेतले आणि पोलिसांना कळवले. दोन दिवसांत तो मनुष्य मथुरेत पकडला गेला. मग एकेक गोष्ट उजेडात येऊ लागली. त्याच्या नावे दाखवलेला चारित्र्याचा दाखला बनावट असल्याचे पोलिसांनी सांगितले. याच तऱ्हेच्या आरोपावरून तो पूर्वी तुरुंगात राहून आला होता. त्या खटल्यात तो सुटला होता, आणि सुटलेल्याला गुन्हेगार म्हणू नये हे वकील म्हणून मलाही मान्य आहे. पण निदान पोलिसांकडे चौकशी तर व्हायला हवी होती! आपण मोलकरीण ठेवताना चार घरी विचारतो.

खटला शीघ्रगती न्यायालयात चालला, न्यायाधीशही स्त्रीच होत्या. जानेवारीत सुनावणी सुरू झाली, त्या मुलीची साक्ष झाली, उलटतपासणी झाली. एवढ्यात आरोपीने वकील बदलला. नव्या वकिलांचे म्हणणे असे की आधीच्या वकिलाने काम नीट केले नाही, सबब साक्षीदारांना पुन्हा बोलवा. मार्चमध्ये उच्च न्यायालयाने तेरा साक्षीदारांना फिरून बोलावण्याची परवानगी दिली, आणि त्या तेरांत ती मुलगीही होती. याचा अर्थ काय होतो तो विचार करा. एकदा परक्या पुरुषांसमोर जे बोलली, ते सारे पुन्हा बोलायचे. पुन्हा तेच प्रश्न, पुन्हा तीच रात्र. बऱ्याच मुली अशा वेळी हात टेकतात. घरचेच म्हणतात, पुरे झाले आता. खटले असेच तर ढासळतात.

प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १० सप्टेंबर २०१५ रोजी ती परवानगी रद्द झाली. निव्वळ वकील बदलला म्हणून साक्षीदार पुन्हा बोलावता येत नाहीत. आरोपीला न्याय्य सुनावणी मिळाली पाहिजे हे खरेच, पण तसे करताना पीडितेला आणि समाजालाही न्याय मिळायचा असतो, असा त्या निकालाचा आशय आहे. ऑक्टोबरात तो मनुष्य दोषी ठरला आणि ३ नोव्हेंबरला त्याला मरेपर्यंत जन्मठेप झाली. गुन्ह्यापासून अकरा महिन्यांच्या आत! पुण्याची सतरा वर्षे शेजारी ठेवून पाहा, म्हणजे मनात आणले तर काय होऊ शकते ते दिसेल.

आता कंपनीकडे वळू. अशा कंपन्यांचे जगभर एकच पालुपद असते: गाडी आमची नाही, चालक आमचा नोकर नाही, आम्ही फक्त दोघांची गाठ घालून देतो. म्हणजे लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखे, दक्षिणा घ्यायची आणि पुढे जबाबदारी नको! त्या मुलीने २०१५ च्या जानेवारीत थेट अमेरिकेतल्या न्यायालयात कंपनीवर दावा लावला. त्याच वर्षी तडजोड झाली, तिचा तपशील बाहेर आला नाही. पण गोष्ट तेथे संपली नाही. २०१७ मध्ये असे उघड झाले की कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याने त्या मुलीच्या वैद्यकीय तपासणीचे कागद मिळवले होते. बलात्कार झालेल्या मुलीचे डॉक्टरी कागद, आणि ते कंपनीच्या माणसाच्या हाती! अधिकाऱ्याची नोकरी गेली, मुलीने दुसरा दावा लावला, आणि तोही त्या वर्षाअखेरीस तडजोडीने मिटला. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त चीड कशाची आली असेल तर याची. चालकाने गुन्हा केला तो केला. शिकल्यासवरल्या माणसांनी सुटाबुटात बसून हे करावे?

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन अशा कंपन्यांना परवाना आवश्यक झाला. २०२० मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२५ मध्ये त्या नव्याने काढल्या. चालकाची पोलिसांकडून पडताळणी झालीच पाहिजे. नियम आहेत, ते पाळले जातात की नाही हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि मंडळाने एक पत्र लिहून परिवहन कार्यालयाला ते विचारावे अशी माझी सूचना आहे. सोसायटीच्या पाण्यासाठी आपण किती पत्रे लिहितो!

परदेशाचे एकच उदाहरण देते, कारण आपल्यापैकी कित्येकींची मुले तिकडे शिकतात. अमेरिकेत साउथ कॅरोलायनामध्ये २०१९ साली एक विद्यार्थिनी रात्री गाडीची वाट पाहत उभी होती. एक गाडी थांबली, आपलीच समजून ती बसली. ती तिने मागवलेली गाडी नव्हतीच. मागची दारे आतून उघडू नयेत असा खटका लावलेला होता. तिचा खून झाला. त्या माणसाला २०२१ मध्ये आजन्म कारावास झाला. तेव्हापासून तिकडच्या मुलींना शिकवतात की गाडीत बसण्याआधी चालकाला विचारा, “माझे नाव काय?” आपण मात्र घाईत स्वतःच सांगून मोकळ्या होतो, “मी अमुक, माझीच गाडी ना?” मग तो ‘हो’ म्हणणारच. नाव त्याने सांगायचे. गाडीचा नंबर फोनवरच्या नंबराशी आणि चेहरा तिथल्या चेहऱ्याशी ताडून पाहायचा. गाडीत चालकाखेरीज आणखी कोणी असेल तर बसायचेच नाही. पुण्याची गोष्ट आठवा. प्रवासाचा मार्ग घरच्यांच्या फोनवर दिसेल अशी सोय असते, ती चालू ठेवायची. आणि आपण घरच्यांनी तो मार्ग पाहायचाही! मुलीने पाठवला आणि आई मालिका बघत बसली तर उपयोग काय? शंका आली की ११२.

आणि इतके करूनही विपरीत घडले तर? दिल्लीच्या मुलीने काय चुकवले होते, सांगा. म्हणून पुढचे ऐकून ठेवा. आपली पहिली धाव मोरीकडे असते: पोरीला न्हाऊ घालू, कपडे धुऊन टाकू. आईच्या मायेने आपण हे करतो आणि पुरावा आपल्याच हाताने वाहून जातो. अंघोळ नको, कपडे धुणे नको. कपडे कागदात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. पोलिस ठाणे कोणत्या हद्दीत हा प्रश्न तुमचा नाही. कोणत्याही ठाण्याने फिर्याद घ्यावीच लागते, आणि अशी फिर्याद नाकारणारा अंमलदार स्वतः गुन्हेगार ठरतो. जबाब स्त्री अधिकाऱ्याने घ्यायचा. सरकारी असो की खाजगी, रुग्णालयाला उपचार विनामूल्य द्यावे लागतात. मुलीचे नाव छापणे हा गुन्हा आहे, खटला बंद दाराआड चालतो, आणि तिच्या पूर्वीच्या चालचलणुकीबद्दल प्रश्न काढायला कायदा मना करतो. वकिलाच्या पैशाची चिंता असेल तर १९८७ च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिची मिळकत कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. शिवाय आपल्या राज्याची मनोधैर्य योजना आहे, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करतात.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. जमिनीच्या बांधापुरती ती ठीक असेल. पण दिल्लीची ती मुलगी पायरी चढली नसती तर तो मनुष्य दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी घेऊन रस्त्यावर आला असता. पायरी चढताना मात्र एकटीने चढू नये. तारखा पडतात, कॉरिडॉरच्या बाकड्यावर तास तास बसावे लागते, समोरच्या बाकावर आरोपीचे नातेवाईक बसून टक लावून पाहत असतात. त्या वेळी मुलीशेजारी तिच्या आईखेरीज आणखी दोन-चार पोक्त बायका पोळीभाजीचा डबा घेऊन नुसत्या बसून राहिल्या, तरी केवढा फरक पडतो हे मी कोर्टात डोळ्यांनी पाहते.

मंडळाची सहल दरवर्षी निघते, हळदीकुंकू होते, भिशी चालते. त्याच वहीत आणखी एक पान घालावे आणि अशा कामी दिवसभर मोकळ्या राहू शकतील अशा भगिनींची नावे तेथे लिहावीत, असे मी चिटणीसबाईंना सुचवले आहे. पहिले नाव माझे लिहून झाले आहे. प्राधिकरणाचा पत्ता आणि दूरध्वनी त्यांच्याजवळ दिला आहे; चहापानाच्या वेळी प्रत्येकीने उतरून घ्यावा. कोणाला काही खाजगी विचारायचे असेल तर मी साडेसहापर्यंत येथेच आहे.